विश्लेषण : राफाएलचे नाव मिळालेला चित्रकार आणि त्याचे एक पेस्टल… वारसा कुठे संपतो आणि नक्कल कुठे सुरू होते?

मार्च २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर एकच लाट आली होती. लग्नाचे फोटो, आजीआजोबांचे फोटो, क्रिकेटपटू, नेते, सगळे अचानक जपानच्या स्टुडिओ घिबलीच्या ॲनिमेशनपटांतील पात्रांसारखे दिसू लागले. चॅटजीपीटीला फोटो द्यायचा, शैलीचे नाव सांगायचे आणि थोडी वाट पाहायची, एवढेच काम. पाठोपाठ वादही आला. दुसऱ्याने आयुष्य खर्चून घडवलेली शैली अशी उचलावी का? हा वारसा की चोरी?

हा प्रश्न एआयमुळे जन्मलेला नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन चित्रकाराचे सगळे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले. त्याचे नाव अँटोन राफाएल मेंग्स. एकेकाळी युरोपातील सर्वात मोठ्या चित्रकारांत गणला गेलेला मेंग्स नंतर जवळपास विस्मरणात गेला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्यावर मोठे प्रदर्शन सुरू केले आणि हे नाव पुन्हा चर्चेत आले. त्याची भव्य भित्तिचित्रे आणि राजघराण्यांची व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेतच. पण वारशाचा प्रश्न समजून घ्यायला जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात असलेले त्याचे एक छोटेखानी पेस्टल अधिक उपयोगी पडते.

या पेस्टलमध्ये काय आहे?

चित्राचा विषय साधा आहे. प्रेमाचा देव क्युपिड इथे पंख असलेल्या गुटगुटीत बालकाच्या रूपात आहे आणि आपल्या बाणाचे टोक दगडावर घासून धार लावतो आहे. मेंग्सने हे चित्र १७५० च्या सुमारास काढले. आज ते ड्रेस्डेनच्या 'गेमेल्डेगॅलरी आल्टे माइस्टर' म्हणजे जुन्या महान चित्रकारांच्या चित्रसंग्रहालयात आहे.

क्युपिड आणि त्याची शस्त्रे हा इटालियन प्रबोधनकाळाचा, म्हणजे रेनेसाँचा, आवडता विषय होता. पार्मिज्यानिनोने सोळाव्या शतकात धनुष्य तासणारा क्युपिड रंगवला. त्याच काळातील कोरेज्जोच्या 'डाने' या चित्रात कोपऱ्यात दोन बालके बाणाचे टोक दगडावर पारखताना दिसतात. मेंग्सच्या चित्रातील विषय म्हणूनच नवा नव्हता. बालकाच्या अंगावरचा मऊसूत उजेड, सावलीत हळूच विरघळणाऱ्या कडा, चेहऱ्यावरचा गोडवा या सगळ्यातून कोरेज्जोची आठवण होते. त्या काळच्या जाणकारांनाही ती होत असणार आणि मेंग्सलाही ती व्हायला हवीच होती.

मेंग्स कोण होता आणि त्याचे नाव असे का?

मेंग्सचा जन्म २२ मार्च १७२८ रोजी बोहेमियातील आउसिग इथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून त्याचे नाव उस्ती नाद लाबेम आहे. वडील इस्माएल मेंग्स हे मूळचे कोपनहेगनचे, सॅक्सनीच्या दरबारात लघुचित्रे रंगवणारे चित्रकार. मुलगा जन्मला तेव्हाच त्यांनी त्याचे भवितव्य ठरवून टाकले. कोरेज्जोचे खरे नाव अंतोनिओ अल्लेग्री. त्यातले अंतोनिओ म्हणजे जर्मनमध्ये अँटोन, आणि त्यापुढे राफाएल. दोन इटालियन दिग्गजांची नावे एका तान्ह्या बाळाला चिकटली.

पुढचे शिक्षणही तसेच झाले. १७४१ मध्ये वडिलांनी जेमतेम तेरा वर्षांच्या मुलाला रोमला नेले. व्हॅटिकनमधील राफाएलची भित्तिचित्रे, सिस्टीन चॅपेलमधील मायकेलअँजेलोची चित्रे आणि प्राचीन शिल्पे पाहून रेखाटणे हाच त्याचा दिनक्रम. वडिलांची शिस्त अत्यंत कडक होती, हे त्याच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. बहिणींनाही याच तालमीतून जावे लागले. त्यांतली टेरेसिया पुढे स्वतः लघुचित्रे आणि पेस्टल करणारी चित्रकार झाली. बालपण असे नव्हतेच. होती ती तालीम.

१७४४ मध्ये कुटुंब ड्रेस्डेनला परतले. सोळा वर्षांच्या मेंग्सने पेस्टलमध्ये स्वतःची आणि इतरांची व्यक्तिचित्रे काढली. ती राजा ऑगस्टस तिसरा याला इतकी आवडली, की १७४५ मध्ये या पोरसवदा चित्रकाराची दरबारी चित्रकार म्हणून नेमणूक झाली. नावाचा भार वाहणाऱ्या मुलाची कारकीर्द सुरू झाली ती रंगीत खडूंच्या जोरावर.

पेस्टलच का?

पेस्टल म्हणजे रंगाची बारीक पूड थोड्याशा डिंकात मळून वळलेली कांडी. तिच्यात तेल नसते, त्यामुळे रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. बोटाने रंग एकमेकांत मिसळता येतात आणि त्वचेचा मखमली पोत हुबेहूब साधतो. पण पूड कागदावर फक्त टेकलेली असते. धक्का बसला, ओल लागली किंवा हात फिरला तर चित्र बिघडते. म्हणून पेस्टल काचेआड ठेवतात आणि संग्रहालये ती प्रवासाला पाठवायला सहसा तयार नसतात.

या माध्यमाची मुळेही प्रबोधनकाळापर्यंत जातात. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत कोरड्या रंगांनी चित्र काढण्याच्या पद्धतीचा उल्लेख सापडतो. मात्र पेस्टलचे खरे वैभवाचे दिवस आले अठराव्या शतकात. व्हेनिसची चित्रकार रोझाल्बा कॅरिएरा हिने त्याला दरबारी प्रतिष्ठा मिळवून दिली. ऑगस्टस तिसऱ्याला तिच्या कामाचे इतके वेड होते, की त्याने तिची दीडशेहून अधिक पेस्टल्स ड्रेस्डेनमध्ये जमवली. स्विस चित्रकार लिओतारचे 'चॉकलेट गर्ल' हे जगप्रसिद्ध पेस्टलही याच संग्रहात आहे.

म्हणजे मेंग्सच्या क्युपिडचा विषय जुना, प्रकाशाची जाण कोरेज्जोची, पण साधन मात्र त्याच्या स्वतःच्या काळाचे, तेही एका स्त्री चित्रकाराने मोठे केलेले. वारसा आणि वर्तमान एकाच कागदावर आले होते.

तेव्हा ड्रेस्डेनमध्ये काय चालले होते?

मेंग्सचे बारसे झाले तेव्हा ज्या चित्रांसाठी ड्रेस्डेन आज ओळखले जाते, ती तिथे आलेलीही नव्हती. १७४५-४६ मध्ये ऑगस्टस तिसऱ्याने मोदेनाच्या ड्यूककडून शंभर निवडक चित्रे विकत घेतली आणि त्यांतून कोरेज्जोचे 'पवित्र रात्र' हे चित्र ड्रेस्डेनला पोहोचले. राफाएलचे 'सिस्टीन मॅडोना' १७५४ मध्ये पिआचेन्झाच्या मठातून आले. त्याच्या तळाशी हनुवटीला हात लावून वर पाहणारे दोन छोटे देवदूत आज मगपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे दिसतात.

राजे मोठ्या किमती मोजून प्रबोधनकाळ विकत घेत होते. त्याच वेळी एक बाप आपल्या मुलाच्या रूपाने तो घरी घडवू पाहत होता. क्युपिडचे पेस्टल काढले गेले तेव्हा कोरेज्जो शहरात आलेला होता, राफाएल यायचा होता. ज्यांची नावे आपण लावतो त्यांच्या मूळ कृतींशेजारी आपले चित्र टांगले जाण्याची वेळ आता मेंग्सवर येणार होती. ही तुलना त्याला आयुष्यभर चुकली नाही.

मेंग्सचे स्वतःचे सूत्र काय होते?

मेंग्स नुसता चित्रकार नव्हता, त्याने कलेवर लेखनही केले. १७६२ मध्ये झुरिचमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात सौंदर्य आणि अभिरुची यांची मीमांसा आहे. ते त्याने आपला मित्र, कला-इतिहासकार योहान योआखिम विंकेलमान याला अर्पण केले. त्यातला विचार थोडक्यात असा : भावाविष्कार आणि रेखाटन राफाएलकडून शिकावे, छायाप्रकाशाची मोहकता कोरेज्जोकडून, रंग टिशियनकडून आणि आदर्श रूपाची कल्पना प्राचीन ग्रीकांकडून. प्रत्येकाचे उत्तम ते निवडायचे आणि त्यातून परिपूर्ण चित्राकडे जायचे.

आज हे वाचताना एआयला दिलेल्या सूचनेसारखे वाटते. याची रेषा, त्याचा उजेड, तिसऱ्याचे रंग. पण मेंग्सच्या काळात यात कमीपणा नव्हता. थोरांना गिरवणे हेच शिक्षण होते. त्याने राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'ची मूळ आकाराची प्रत एका इंग्रज सरदारासाठी रंगवली. १७५५ मध्ये पूर्ण झालेली ही प्रत आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ती प्रत आहे हे सर्वांना माहीत होते, म्हणून कुणाची फसवणूक झाली नाही. प्रत काढणे हा सन्मानाचा आणि चांगल्या मोबदल्याचा उद्योग होता.

विंकेलमानने तर १७६४ मधील आपल्या ग्रंथात मेंग्सला युगातला सर्वश्रेष्ठ कलावंत ठरवले आणि राफाएलच्या राखेतून उठलेल्या फिनिक्स पक्ष्याची उपमा त्याला दिली. नाव ठेवताना बापाने जी इच्छा धरली, ती छापील ग्रंथात पूर्ण झाली होती.

मग फसवणूक कुठे झाली?

त्याच ग्रंथात विंकेलमानची मोठी फजितीही नोंदली गेली आहे. १७६० मध्ये रोममध्ये 'ज्युपिटर आणि गॅनिमीड' हे एक प्राचीन भित्तिचित्र सापडल्याची बातमी पसरली. विंकेलमानने ते पाहिले, खरे मानले आणि प्राचीन चित्रकलेचा अप्रतिम नमुना म्हणून ग्रंथात त्याचे कौतुक केले. प्रत्यक्षात ते बनावट होते. आज ते मेंग्सनेच रंगवल्याचे मानले जाते. मृत्यूपूर्वी त्याने तशी कबुली दिल्याचे त्याच्या काळातल्या लोकांनी लिहून ठेवले आहे. हे चित्र आता रोमच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे.

आपल्या सर्वात मोठ्या चाहत्याला मेंग्सने का फसवले असावे? थट्टा म्हणून, की मी प्राचीनांच्या तोडीचा आहे हे सिद्ध करण्यासाठी, यावर तर्क चालूच आहेत. पण क्युपिडचे पेस्टल आणि हे भित्तिचित्र शेजारी ठेवले की एक फरक लख्ख दिसतो. दोन्हींत जुन्याचा आधार आहे आणि दोन्हींत कौशल्य आहे. पेस्टलमध्ये मात्र चित्रकार आपले नाव आणि आपला काळ लपवत नाही. भित्तिचित्रात तो दोन्ही पुसून टाकतो. तंत्र एकच असले तरी एका ठिकाणी तो वारसा ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी बनावट.

एवढा मोठा चित्रकार विस्मरणात का गेला?

मेंग्स १७६१ मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या दरबारात गेला. माद्रिदच्या राजवाड्यात त्याने भव्य छतचित्रे रंगवली. शाही चित्रजवनिकांच्या कामासाठी तरुण फ्रान्सिस्को गोयाला माद्रिदला बोलावले गेले, तेही त्याच्याच देखरेखीच्या काळात. २९ जून १७७९ रोजी रोममध्ये मेंग्सचा मृत्यू झाला.

त्याच्या हयातीतच वारा बदलू लागला होता. १७५९ मध्ये इंग्रज लेखक एडवर्ड यंगने मौलिक निर्मितीचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला. लगेच त्याचा जर्मन अनुवाद झाला आणि जर्मन तरुण लेखकांनी तो डोक्यावर घेतला. प्रतिभा म्हणजे आतून उमटलेले, इतर कुणासारखे नसलेले काही, ही कल्पना रुजत गेली. रोमँटिक काळात तीच मुख्य कसोटी बनली आणि त्या कसोटीवर मेंग्स नापास झाला. इकडून थोडे, तिकडून थोडे घेणारा, थंड, पुस्तकी चित्रकार असा शिक्का त्याच्यावर बसला. ज्या गुणासाठी त्याला डोक्यावर घेतले गेले, त्याच गुणासाठी त्याला मोडीत काढले गेले.

त्याची देखरेख अनुभवलेला गोया मात्र आधुनिक चित्रकलेचा अग्रदूत ठरला.

या निकालात तथ्य आहे आणि अन्यायही आहे. मेंग्सची काही मोठी चित्रे खरोखर सूत्र सोडवल्यासारखी वाटतात. त्याची व्यक्तिचित्रे आणि पेस्टल्स मात्र आजही ताजी आहेत. समोर खरा माणूस असला, किंवा हातात पटकन बोलणारा खडू असला, की नियम मागे पडत आणि नजर पुढे येत असे.

भारताशी याचा काय संबंध?

थोरांना गिरवत शिकण्याची ही युरोपीय पद्धत एकोणिसाव्या शतकात मुंबईतही आली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करत. मेंग्सनेही अशा प्रतिकृतींचा प्रचंड संग्रह केला होता. त्याच्या मृत्यूनंतर त्यातल्या ८०० हून अधिक प्रतिकृती ड्रेस्डेनने घेतल्या. त्या मागचा विचार एकच होता, आधी हात घडवा, मग स्वतःचे बोला.

ही गोष्ट मराठी रसिकाला समजावून सांगावी लागत नाही. घराण्याची गायकी शिकणारा शिष्य वर्षानुवर्षे गुरूचीच तान घोटतो. मैफलीत तो हुबेहूब गुरूसारखा गायला, तर आधी कौतुक होते. पण पाच-दहा वर्षांनीही तेच ऐकू आले तर रसिक विचारतात, तुझे काय? मेंग्सला इतिहासाने नेमका हाच प्रश्न विचारला.

एआय आणि मेंग्स यांची तुलना कुठपर्यंत योग्य?

कायद्याच्या बाजूने पाहिले तर शैलीवर कुणाची मालकी सहसा नसते. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या प्रत्यक्ष मांडणीला आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे कोरेज्जोसारखा उजेड किंवा घिबलीसारखे डोळे काढणे हा आपोआप गुन्हा होत नाही. एआयबाबतचा खरा कायदेशीर वाद दुसराच आहे. लाखो कलावंतांची चित्रे त्यांना न विचारता, मोबदला न देता यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरता येतात का? यावर अनेक देशांत खटले सुरू आहेत.

पण कायद्यापलीकडे तीन फरक मेंग्सच्या उदाहरणातून दिसतात. पहिला श्रमाचा. राफाएलची रेषा हातात यायला मेंग्सला बालपण मोजावे लागले, आणि त्या श्रमांत तो स्वतः बदलला. एआयला सूचना देणाऱ्याच्या हाताला यातले काहीच लागत नाही. दुसरा ऋण मान्य करण्याचा. मेंग्सच्या नावातच त्याचे दोन गुरू होते आणि आपण काय कुणाकडून घेतले हे त्याने ग्रंथात लिहिले. यंत्राने बनवलेल्या चित्रात हजारो अनाम हात असतात, नाव मात्र एकाचेही नसते. तिसरा फरक जिवंत माणसांचा. राफाएल १५२० मध्ये गेला होता, मेंग्समुळे त्याचे काम हिरावले जाणार नव्हते. आजची साधने हयात चित्रकारांची शैली त्यांच्याच बाजारात फुकट उपलब्ध करून देतात. पुण्यामुंबईत पुस्तकांची मुखपृष्ठे आणि जाहिरातींची चित्रे काढून पोट भरणाऱ्या कलावंतासाठी हा प्रश्न तात्त्विक नाही, महिन्याच्या कमाईचा आहे.

या सगळ्यातून काय घ्यायचे?

ड्रेस्डेनच्या काचेआडचा क्युपिड अजूनही बाणाला धार लावतो आहे. जुन्या दिग्गजांना नाकारून ते चित्र झाले नसते आणि केवळ त्यांना गिरवूनही झाले नसते. कोरेज्जोचा उजेड घेऊन तो आपल्या काळच्या खडूत उतरवण्याचे काम मेंग्सने स्वतः केले, आणि ते करताना कुणाकडून काय घेतले हे लपवले नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादी नवी शैली समाजमाध्यमांवर पसरेल, तेव्हा 'ही नक्कल आहे का' एवढाच प्रश्न पुरणार नाही. नक्कल कलेच्या शिक्षणात नेहमीच होती. विचारायचे ते हे : ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगितले का? तो हयात असेल तर त्याचा वाटा त्याला मिळाला का? आणि घेतलेल्यात स्वतःचे काही घातले का? मेंग्सचे पेस्टल या कसोटीवर उतरते. त्याचेच बनावट भित्तिचित्र पहिल्याच प्रश्नाला अडखळते. चित्रकार एकच होता, आणि हातही तेच होते.